ढोलीतली बाळंतीण

सही माझीच होती. मी नाकबूल कुठे करतेय! झाड तोडायच्या अर्जात ‘झाडावर पक्ष्यांचे घरटे आहे काय?’ या रकान्यापुढे मी टपोऱ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं. तीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहिलेल्या बाईचं अक्षर, खाडाखोड नाही. पण ते लिहिण्यापूर्वी मी केलं काय होतं? कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये गॅलरीतून मान वर केली होती. काड्या दिसल्या नाहीत. झाली पाहणी!

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतला हा आंबा सोसायटीच्याही आधीचा, इथे शेत होतं तेव्हाचा. गेल्या जूनमध्ये त्याची एक फांदी आमच्या वॉचमनच्या, गेनबांच्या, खांद्यावर कोसळली. अजून त्यांचा हात डोक्यापर्यंत जात नाही. म्हणून सेक्रेटरी या नात्याने मीच झाड तोडायचा अर्ज दिला. परवानगी मिळाली. तिची मुदत आज संपत होती.

सकाळी ठेकेदार सर्जेराव माणसं आणि करवतीचं मशीन घेऊन आला. खाली मशीन घरघरायला लागलं. त्याच्या माणसांपैकी नियाज दोर बांधायला वर चढला आणि अर्ध्यावरच थांबला.

“मशीन बंद करा!” तो ओरडला. “ताई, ढोलीत पक्षी आहे. धनेशाची मादी.”

पंधरा वर्षं झाडांवर चढणारा माणूस. खाली उतरून त्याने नीट सांगितलं. मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत पिसं गळतात, तिला उडता येत नाही. नर फळं आणून फटीतून भरवतो, त्यावर ती आणि पिल्लं जगतात.

“म्हणजे बाळंतीणच की रे!” मी म्हणाले.

“झाड पाडलं तर सगळी आतच मरतील, ताई.”

आमचे चेअरमन आप्पासाहेब काठी टेकत आले. “फट म्हणजे घरटं? आणि गेनबांच्या जागी एखादं पोर असतं तर? मला पक्षी दाखवा, मग बोला.”

सर्जेरावाने कागद माझ्या नाकासमोर धरला. “बाई, ‘नाही’ लिहिलंय तुम्हीच. उद्यापासून मी विश्रांतवाडीला. पाऊस लागेपर्यंत सवड नाही.”

“अर्धा तास थांबा. नर आला की सगळ्यांनाच दिसेल.”

“साडेदहापर्यंत,” आप्पासाहेब म्हणाले. “वर एक मिनिट नाही.”

सगळे भिंतीकडे सरकले. मी मात्र खोडाला पाठ लावून उभी राहिले. माझी पाठ वळली की सर्जेराव मशीन सुरू करणार, याची मला खात्री होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर मिक्सर लागला.

“उल्का! बंद कर तो! एक दिवस चटणी नसली तर कोणी मरत नाही!” मी खालूनच ओरडले.

मिक्सर थांबला. दहा वीसला समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक राखाडी, लांब शेपटीचा पक्षी येऊन बसला. बाकदार चोचीत उंबराचं लाल फळ. मी श्वास रोखला. तो उडाला, अर्ध्यातून वळला, परत टाकीवर. पुन्हा उडाला, पुन्हा वळला.

“दिसला ना?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“टाकीवर दिसला,” आप्पासाहेब म्हणाले. “टाकी कोण तोडतंय?”

दहा पंचवीस झाले. नियाज माझ्याजवळ आला. “ताई, रागावू नका. तो तुम्हाला घाबरतोय. तुम्ही हला इथून.”

मी? भडकलेच होते. तिला वाचवायला उभं कोण होतं? पाय निघेनात.

“मी आहे ना इथे,” नियाज म्हणाला.

पंपाच्या खोलीमागे जाऊन उभी राहिले. तिथून झाड दिसत नाही. मशीनची दोरी ओढल्याचा आवाज आता येईल, मग येईल, म्हणून कान टवकारले. घड्याळात बघायचा धीर होईना. मनातल्या मनात त्या नराला म्हटलं, ये रे बाबा, चूक माझी आहे, तिची नाही.

मग आप्पासाहेबांचा आवाज आला, कुजबुजल्यासारखा. “अरे... आतून चोच बाहेर आली की!”

मी भिंतीला टेकून चक्क रडले.

बाहेर आले तेव्हा नर उडून गेला होता. सर्जेरावाने कागद पुढे केला. “लिहून द्या बाई, उगाच माझ्यावर नको.” “किती दिवस थांबायचं?” मी नियाजला विचारलं आणि मग ‘नाही’ खोडलं. खाली लिहिलं, ‘घरटे आहे. पिल्ले उडेपर्यंत झाड तोडू नये.’ गेनबांची खुर्ची हलवायला सांगितली. गेटवरची वाळकी फांदी नियाज हातकरवतीने उतरवणार होता. झाडाखालच्या गाड्या बाहेर काढायच्या ठरल्या, पहिली माझी.

आप्पासाहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काय हो, या वेळी तरी पाहिलंत का?”

“नाही,” मी म्हणाले. “या वेळी विचारलं.”