आंबेमळचा वीर

रामनगरच्या इतिहास शोध मंडळात माणसं पाच आणि मतं पंधरा. दर रविवारी भाड्याची जीप करून ही मंडळी रानात शिरायची, काळा दगड दिसला की ब्रश काढायची, आणि दोन दगड एकावर एक दिसले की इथं किल्लाच होता म्हणून भांडायची. घरच्या बायका हसायच्या. हसू देत बापड्या. सरकारी बसमध्ये तीस वर्षं शिट्टी मारून निवृत्त झालेल्या पुंडलिकला या मंडळानं सचिव केलं होतं, आणि आयुष्यात एकदा तरी कशाचा ना कशाचा सचिव व्हावं असं कुणाला वाटत नाही?

मंडळाच्या खोलीत जे काय होतं त्यात सगळ्यात मोलाचा होता आंबेमळचा वीरगळ. छातीइतका उंच दगड. खाली वाघाशी झुंजणारा गडी, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या बायका, वर पिंडी. गावासाठी कुणी जीव दिला की जुन्या काळी असा दगड उभा करत. आंबेमळ म्हणजे दिग्गीच्या वाटेवरची चौदा घरांची कुणबी वाडी. तिथं त्याला नुसतं ‘वीर’ म्हणायचे आणि दर सोमवारी तेल घालायचे.

दोन वर्षांमागं पलीकडच्या रानात गुप्तधनाच्या नादानं कुणीतरी असाच एक दगड घणानं फोडला. पुंडलिकचा जीव खालीवर झाला. आंबेमळात जाऊन त्यानं लोकांना समजावलं, हितं ऱ्हायला तर ह्योबी फुटंल, आमच्याकडं न्हेऊन जपतो. शिकलेली माणसं जीप करून दारात आलीत, त्यांना नको कसं म्हणायचं? भिडेपोटी वाडीनं मान हलवली. आठ गड्यांनी दगड खांद्यावर घेऊन जीपपर्यंत पोचवला. खोलीत आणल्यावर पुंडलिकनं त्याच्यावरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल सोडा लावून खरवडलं, बुडाशी सिमेंट ओतलं आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं सात नंबर घातला. मग पेपरात लेख आला, शाल मिळाली, नारळ मिळाला. सगळं कसं रीतसर झालं.

आणि परवा सोमवारी वाडीतला लक्ष्मण खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“अण्णा, आमचा वीर परत द्या,” तो म्हणाला. “उद्या पाहणी हाय.”

आंबेमळची जमीन कागदोपत्री जंगलाची. वाडीनं हक्काचा अर्ज घातला होता. तीन पिढ्या आम्ही इथंच नांदतो असं दाखवता आलं तर जमीन नावावर होणार. नाही तर आज ना उद्या उठायचं. आणि दाखवायला काहीतरी जुनं लागतं.

“आमची घरं मातीची, वर गवत,” लक्ष्मण सांगू लागला. “धा-बारा सालं झाली की पाडायची, दुसरी बांदायची. इहीर न्हाई, झरा हाय. झऱ्यावर कुणाचं नाव लिवल्यालं असतंय व्हय? जुनं म्हणावं असं आमच्यात त्येवढं येकच हुतं.”

“आणि ते मी उचलून आणलं,” पुंडलिक म्हणाला. लक्ष्मणला तसं म्हणायचंही नव्हतं, हेच पुंडलिकला जास्त लागलं.

मंगळवारी उजाडताच जीप निघाली. सिमेंट छिन्नीनं तोडलं, तरी एक ढेकूळ बुडाला चिकटून राहिलंच. मागं दगडाशेजारी लक्ष्मण बसला. पुढं पुंडलिक आणि सुमनबाई. बाई कानडी शाळेत शिकवायच्या, मंडळाचं कानडी लिखाण त्याच बघत. दगड आंबेमळचाच, याला पुरावा असावा म्हणून पुंडलिकनं मंडळाची फाईल घेतली होती. बाई ती चाळत होत्या, त्या मधेच थांबल्या.

“अण्णा, आपण काय लिहिलंय ते आठवतंय का?” असं विचारून त्यांनी हळू आवाजात वाचलं. “‘दिग्गीनजीकच्या आंबेमळ येथील निर्जन अरण्यात, मानवी वस्तीपासून कोसो दूर, बेवारस अवस्थेत पडून असलेला हा अमूल्य ठेवा मंडळाने उजेडात आणला.’”

“अहो, ते लिहायचं असतं तसं,” पुंडलिक म्हणाला.

असतंच तसं. असल्या लेखात वारसा नेहमी उपेक्षित असतो, ठेवा अमूल्य असतो आणि रान निर्जन असतं. त्याशिवाय लेख लेखासारखा दिसत नाही. पण आठ गडी घामाघूम होऊन डोळ्यांसमोर उभे असताना आपल्या हातून ‘निर्जन’ कसं लिहिलं गेलं, हे त्याला काही केल्या उमगेना. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“कानडीत तरी मी बदलायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “तिथंही निर्जनच घातलंय. शब्द दोन्हीकडं एकच, मग कशाला विचार करतेय मी.”

“फाईल दाखवायची न्हाई,” पुंडलिक म्हणाला, आणि त्यानं ती सीटखाली सारली.

वाडीनं जुन्या जागी खड्डा काढून ठेवला होता. वीर उभा केला, माती दाबली. वाडीतली सगळ्यात म्हातारी पारूआजी वाटीत तेल घेऊन आली आणि दगडावरून हात फिरवत राहिली. “किती सुकलाय गं बाई,” एवढंच ती म्हणाली. पुंडलिकनं मान वळवली.

अकराच्या सुमाराला पाहणीची माणसं आली. त्यातले साहेब सभ्य होते, बूट काढून दगडाजवळ गेले. त्यांनी बुडाची ओली माती बघितली, सिमेंटचं ढेकूळ बघितलं, मागं जाऊन सात नंबर बघितला.

“हे कधी बसवलं?” त्यांनी विचारलं.

“आज सकाळी,” लक्ष्मण म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. “पर हुता हितंच, साहेब. आमच्या आज्याच्या आज्यापास्नं. अण्णांनी जपायला न्हेला हुता.”

“त्याला काही पुरावा?”

“हाय की. पेपरात छापून आलंय, फोटोसकट. अण्णांकडं फाईल हाय.”

“फाईल... खोलीवर ऱ्हायली,” पुंडलिक कसाबसा म्हणाला.

“न्हाई ओ अण्णा, शिटाखाली हाय. मगाशी दगूड उतरवताना बगितली की मी.” आणि अण्णा विसरले असतील म्हणून लक्ष्मण पळत गेला, फाईल आणली, कपाळाला लावल्यासारखी दोन्ही हातांनी साहेबांना दिली. पुंडलिकला त्याला अडवता आलं नाही. काय म्हणून अडवणार होता?

साहेबांनी कात्रण वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“निर्जन. मानवी वस्तीपासून कोसो दूर. बेवारस,” ते म्हणाले. “तुम्हीच लिहिलंय?”

“व्हय. पण ते शोभेला लिहिलंय साहेब. माणसं हुती. हीच माणसं हुती. ह्यांनीच तर दगड उचलून दिला.”

“मग दोन वर्षांपूर्वी तुम्हाला खोटं लिहायचं कारण काय?”

चार लोकांनी वाचून वाहवा म्हणावं, एवढंच कारण होतं, आणि ते पाहणीच्या कागदावर लिहिण्याजोगं नव्हतं.

“तेव्हा खोटं लिहायला कारण नव्हतं. आज आहे,” साहेब म्हणाले, तेही जरा ओशाळूनच. “कुणीही असंच म्हणेल. हा कागद नसला तर दगड नवा आणलेला ठरतो, असला तर इथं वस्तीच नव्हती असं ठरतं. मी तरी काय करू?”

“आम्ही चूक झाली म्हणून लेखी देतो,” सुमनबाई म्हणाल्या.

“द्या. तेही लावतो फाईलला.” पण त्यांनी कात्रणाचा मोबाईलवर फोटो काढला, खाली तारीख टिपली, आणि मंडळी पुढच्या वाडीकडं निघून गेली. बाईंनी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून कबुली लिहायला घेतली. दोन ओळी झाल्या आणि त्यांनाही पुढं काय लिहावं ते सुचेना.

वाडीतली माणसं अजून उभीच होती. काय झालं ते त्यांना नीट कळलं नव्हतं. पारूआजीनं पुंडलिकला विचारलं, “त्यो शबुद म्हंजे काय रं?”

“निर्जन म्हंजे...” पुंडलिक म्हणाला, “जिथं माणूस ऱ्हात न्हाई अशी जागा.”

आजी रागावली नाही. रागावली असती तर पुंडलिकला जरा बरं वाटलं असतं.

लक्ष्मण पुढं आला. “अण्णा, वीर परत घेऊन जावा.”

“आता न्हाई रे. हितंच ऱ्हाऊ दे त्याला. त्याची जागा हाय ही.”

“आमी उठल्यावर त्याच्याकडं कोण बगंल? तुमच्या खोलीला कुलूप तरी हाय.”

“अजून काय ठरलं न्हाई, लक्ष्मणा. मी तालुक्याला जोयड्याला जातो, जिल्ह्याला कारवारला जातो, पाया पडतो कुणाच्या तरी.”

“जावा की,” लक्ष्मण समजुतीच्या आवाजात म्हणाला, लहान पोराला म्हणावं तसं.

आजीनं वाटीतलं उरलेलं तेल वीराच्या डोक्यावर उपडं केलं आणि पदराला हात पुसले. “न्हेतोस तर ने बाबा,” ती म्हणाली. “पर ह्या बारीला नीट लिव. लिव, हितं माणसं हुती.”

‘हायत’ म्हण आजी, असं त्याला सांगायचं होतं. पण ते काही त्याच्या तोंडातून निघेना.