आधी गाडीला पाणी

१९७१ साली चौक गावात, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला हिरूने चहाची टपरी टाकली. पावसाळ्याआधी ती चालली नाही, तर त्याला गाव सोडून मुंबईत मामाकडे कामाला जावं लागणार होतं.

त्याची आई मोतीबाई याच रस्त्यावर वर्षानुवर्षं काकड्या विकत आली होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाहेर पाण्याचं पिंप ठेव रं. डायवर पोटासाठी थांबत नाय, गाडीसाठी थांबतो. घाट चढायच्या आधी इंजिनात पाणी घालावं लागतं."

"मी चहा विकतो, आई. फुकट पाणी भरायला पाणक्या हाय का मी?"

"मग बस ट्रक मोजत," असं म्हणून ती निघून गेली.

पुढचा पंधरवडा त्याला खरोखरच दुसरं काम नव्हतं. जे दोघे-तिघे ड्रायव्हर थांबले, त्यांनी पाणी आहे का एवढंच विचारलं आणि गाडी पुढे नेली.

शेवटी हिरूने पिंप आणलं, विहिरीच्या पाण्याने भरलं आणि आईला बोलावलं. "कुठं ठेवू, सांग."

"टपरीला चिकटून नको. ट्रकला उभं राहायला जागा सोड."

दुपारी पुण्याकडे निघालेला एक ट्रक थांबला. क्लीनर बादली घेऊन इंजिनाकडे गेला. इंजिन निवेपर्यंत ड्रायव्हरला काही काम नव्हतं, म्हणून तो बाकावर येऊन बसला आणि त्याने चहा मागितला. मागोमाग दुसराही ट्रक थांबला.

संध्याकाळी हिरू बाक हलवायला गेला आणि मधेच थांबला. "आई, ह्यो सावलीत ठेवू का रस्त्याकडं?"

"आता समदं मलाच विचारनार काय?" मोतीबाई म्हणाली आणि तिने बाकाचं दुसरं टोक धरलं.