वारं लागेल

कझाकस्तानातल्या अल्माटीची माणसं हाडं गोठवणाऱ्या थंडीला भीत नाहीत, खिडकीच्या दोन बोटं रुंद फटीतून येणाऱ्या वाऱ्याला भितात. मी दिवसभर गाडी घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतो. पंप, बॉयलर, हवेचे पंखे दुरुस्त करतो. निम्मा वेळ हवेच्या झरोक्यांवरची चिकटपट्टी सोलण्यात जातो. पट्टी लावणाऱ्या बायकाच मग तक्रार करतात की जीव गुदमरतो.

या सगळ्यांवर कडी केली ओरिनबासार आगांनी. एका व्यापारी इमारतीचे हे म्हातारे पहारेकरी गॅसच्या बॉयलरशेजारी खाट टाकून झोपायचे. ऊब फुकट ना! भिंतीत हवा यायची जाळी होती, तिच्यात त्यांनी आपला कापूस भरलेला कोट कोंबला. मी तो उपसून काढला आणि समजावलं, की हवा नसली तर जाळ नीट जळत नाही, विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

"कुआनिश, पोरा, माझ्या पुतण्याचं तोंड वाकडं झालं ते वाऱ्यानं," आगा म्हणाले. "वायूनं कुणाचं झालंय, दाखव."

पुढच्या खेपेला कोट पुन्हा जाळीत. मी पुन्हा काढला. आगांनी इमारतीच्या व्यवस्थापक बिबिगुल आपांकडे गाऱ्हाणं नेलं, आपांनी माझ्या साहेबाला फोन केला, आणि साहेबाने मला झापलं, की म्हाताऱ्याला छळू नकोस, गिऱ्हाईक जाईल. साहेब उन्हाळ्यातसुद्धा गाडीची काच खाली करत नाही. त्याला काय सांगणार, कपाळ!

परवा सकाळी गेलो तर जाळीच्या जागी गुळगुळीत गिलावा. आपांनी गवंडी बोलावून भोकच बुजवलं होतं. आगा खाटेवर पडलेले, उलटी झालेली, हाक मारली तरी ओ नाही. मी गॅस बंद केला आणि काखेत धरून त्यांना फरफटत बाहेर बर्फात आणलं. मी पार घाबरलो होतो, आणि रागाने रडू येत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे किलकिले केले.

"दार लाव," ते पुटपुटले. "वारं लागतंय."

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. आपा शाल आवळत खाली आल्या आणि म्हणाल्या, शेवटी म्हाताऱ्याला वारं लागलंच. गॅसवाल्यांनी बॉयलरला सील ठोकलं आणि बजावलं, भिंत फोडा, मगच उघडू. आपांनी थोडा विचार केला आणि इमारतीतल्या सगळ्यांना ओव्हरकोट घालून कामाला बसवलं. अजून तशीच बसलीत बिचारी.

काल दवाखान्यात आगांना भेटायला गेलो. शेजारच्या खाटेवरच्याला ते रंगवून सांगत होते, की कुआनिश नावाच्या एका हरामखोराने त्यांना बर्फात टाकून मारायला घेतलं होतं.

सांगू देत. सांगायला उरलेत ना.