एकशेबारा प्रश्न आणि बिरूची मेंढरं

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानावर राधेश्यामची सॉफ्टवेअर कंपनी आहे. सहा खुर्च्या, त्यातल्या चार धड. गिऱ्हाईक म्हणालं "अ‍ॅप पाहिजे", की हा म्हणतो "सोमवारी घेऊन जा". कशासाठी पाहिजे, हे त्यानं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. एका मंगल कार्यालयाला त्यानं चुकून दवाखान्याचं अ‍ॅप दिलं. तीन महिने नवरदेवांना टोकन नंबर मिळत होते, आणि एकाही लग्नाचा मुहूर्त टळला नाही.

आमच्या बिरू मेंढपाळाची लेक रेणुका याच्या अगदी उलटी. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी लोकांना नेमकं काय पाहिजे ते कसं शोधावं, यावर ती विद्यापीठात पीएचडी करते. पाच वर्षांत प्रबंध झाला, पण गाईडबाईंनी अट घातली. "तुझी पद्धत एखाद्या खऱ्या कंपनीत चालली, असं शिक्क्याचं पत्र महिन्याभरात आण. नाहीतर प्रबंध पुढं जाणार नाही."

रेणुका राधेश्यामकडे गेली. त्याच्याकडे मेंढपाळांच्या अ‍ॅपचं काम नुकतंच आलेलं.

"बराबर टायमाला आल्या, ताई. तुमच्या आबांच्या मेंढरांवर चालवून बघू. चाललं की पत्र तुमचं."

रेणुकानं परदेशी शोधनिबंध वाचून एकशेबारा प्रश्न काढले होते. ते घेऊन ती बापाजवळ बांधावर बसली.

"आबा, तुमचं रोजचं उद्दिष्ट काय?"

"चारणं."

"ते साध्य झालं हे कसं मोजता?"

"मेंढीच्या पोटावर हात फिरवून."

"या कामात हितसंबंध कोणाकोणाचे?"

"लांडग्याचे."

साठाव्या प्रश्नापर्यंत कळप पुढच्या गावाच्या शिवारात पोचला होता. तरी पोरीनं हट्टानं दोनशे चौदा पानांचा अहवाल केलाच. आबाला दाखवायला आणलेली त्याची एक प्रत बांधावरच एडक्यानं खाल्ली, पान चाळीस ते नव्वद. कंपनीत जेवढं वाचलं गेलं, त्याहून हे पुष्कळच होतं.

कारण सॉफ्टवेअर बनवणारा अंगद, त्यानं अहवालाचं मुखपृष्ठ बघितलं, रंग चांगला आहे म्हणाला, आणि त्यावर चहा ठेवला. मेंढपाळ म्हणजे मेंढरं मोजायची, एवढं त्याचं त्यानंच ठरवलं. मेंढरांच्या कानात बिल्ले घातले, रात्री कळप कोंडायच्या वाघरीच्या जाळीला फोन बांधला, वर भोंगा.

शुक्रवारी सकाळी सगळे जमलो. कळप बाहेर निघाला आणि भोंगा ओरडला, "एकूण मेंढ्या एकशे सदतीस!"

बिरूचा चेहरा उतरला. आमच्याकडं कळप मोठ्यानं मोजत नाहीत, नजर लागते. कोणी विचारलं तर "हाईत देवाच्या दयेनं" म्हणायचं. बिरू एकेक मेंढी तोंडावरून ओळखतो, मोजायची गरजच नाही. त्यानं भोंग्याची वायर उपटली.

"इंजिनेर, तुझ्या घरची माणसं मोज की चौकात भोंगा लावून!"

मेंढरांना भंडारा लावून तो अंबडच्या दिशेनं चालू लागला.

"पान एकशे त्र्याऐंशी!" रेणुका अंगदवर कडाडली. "लिहिलं होतं मी, मोजायचं न्हाई म्हणून!"

"ताई, तिथपर्यंत माणूस जित्ता राह्यतो का?"

राधेश्याम म्हणाला, "चाललं न्हाई. मंग पत्र न्हाई."

मुदतीला बारा दिवस उरलेले. बिरूची समजूत काढायला रेणुका आणि अंगद कळपामागं निघाले. पण बिरू रुसलेला, बोलेच ना. विचारायची सोय नाही म्हणून रेणुका नुसती चालली. अंगदच्या बुटांचे तळ इतके झिजले, की काळी माती कुठं संपून मुरूम कुठं लागतो ते तो डोळे मिटून सांगायचा.

तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. प्रत्येक बांधाला आबा कळप थांबवतो. एकटा पुढं जातो, पाला चुरून हुंगतो आणि मालकाला हाक मारतो, "फवारा कधी मारला?" मालक दिसला नाही तर दोन कोसांचा वळसा.

"आबा, हे काय?"

बिरूला बोलावंच लागलं. "मागच्या साली औषध मारलेल्या पऱ्हाटीच्या बांधाला कळपानं तोंड घातल्तं. गाभण मेंढ्या गेल्या, माय."

"मला सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलं कुठं? तुझ्या प्रश्नांत लांडगा बसला, फवारा न्हाई बसला."

अंगद खाली बघून म्हणाला, "मामा, म्या तर कायच इचारलं न्हाई."

त्यानं बाभळीखालीच बसून नवं अ‍ॅप केलं. शेतकऱ्यानं फवारा मारला की एक बटण दाबायचं, फोनमधल्या नकाशात त्याचं शेत पंधरा दिवस लाल. खतासाठी मेंढरं आपल्या रानात बसावीत असं शेतकऱ्यांनाही वाटतंच, आणि लाल उतरलं की बिरू बेधडक येणार, म्हणून त्यांनी भराभरा बटणं दाबली. एकानं चुकून घरच लाल केलं. पंधरा दिवस पाव्हणा फिरकला नाही. आता तो म्हणतो, हे कायमचं करता येईल का?

मुदतीच्या आदल्या दिवशी बिरू वळसा न घेता अंबडला पोचला. इकडं ऑफिसात राधेश्यामनं कागद काढला.

"ताई, लिहितो की एकशेबारा प्रश्नांनी कमाल केली."

गाईडबाईंना अगदी असंच पत्र हवं होतं. रेणुकानं कागदावर हात ठेवला.

"खोटं आहे ते, भाऊ."

"मंग काय लिहू? तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

अंगद खुर्चीवरून पडताना वाचला. अकरा वर्षांत मालकानं हे पहिल्यांदाच कोणाला तरी विचारलं होतं.

रेणुकानं सांगितलं, त्यानं लिहिलं: 'प्रश्नांनी काही कळलं नाही. तीन दिवस मागं चालल्यावर कळलं. अ‍ॅप चालू आहे.' खाली शिक्का.

गाईडबाईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. म्हणाल्या, "शेवटचं प्रकरण नव्यानं लिही. दोन महिने वाढवून घेते." मग जरा आवाज उतरवून विचारलं, "मला येता येईल का गं चालायला? चप्पल चालेल?"

"बूट घाला, मॅडम," रेणुका म्हणाली. "आणि पहिल्या दिवशी काही विचारू नका."