कच्चा पाळणा

गोंडलला लेकीच्या दारात टेम्पो थांबला. पाळणा उतरवायला लवजीभाईंना गल्लीतल्या आणखी दोघांना हाक मारावी लागली आणि तिथेच त्यांचं धाबं दणाणलं.

"पाळणा आणलात की ट्रॅक्टर?" विहीण मोंघीबेन ओट्यावरून ओरडल्या. बायका फिदीफिदी हसल्या. लवजीभाईंना हसू येईना. एवढं वजन! मग भट्टीत वेळ किती दिला आपण?

चूक झाली ती मायेपोटी. राजकोटात त्यांची पावडर कोटिंगची, म्हणजे लोखंडावर पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवायची शेड होती. बाळ पहिल्यांदा बापाच्या घरी निघालं की आईच्या माहेरून जियाणं जातं. त्यात कपडे, खेळणी, आणि पाळणा तर हवाच. नेहमीच्या पाळण्यांची नळी पातळ असते. माझी नात हेतवी काय ऐरीगैरी आहे? लवजीभाईंनी चांगली जाडजूड नळी घेतली, पोपटी पावडर मारली, आणि निघायच्या घाईत पाळणा नेहमीइतक्याच वेळात भट्टीतून काढला. अरे देवा! पावडर चिकटते विजेने, पण टिकते आचेने. नुसती भट्टी तापून भागत नाही, आतलं लोखंड तापावं लागतं, आणि जाड लोखंड काही लवकर तापत नाही. कामगारांना हेच घोकवण्यात त्यांची हयात गेली होती. कच्चा रंग दिसतो मात्र पक्क्यासारखाच चकचकीत. पुढे टवके उडायला लागले की कळतं.

आणि हेतवीला दात येत होते. हाताला लागेल ते तोंडात.

पाळणा अंगणात मांडला गेला. "बापुजींनी स्वतः रंगवलाय," भावना जो येईल त्याला सांगत होती. लेकीचा चेहरा असा फुललेला त्यांनी लग्नानंतर आज पाहिला. तिने हेतवीला आत बसवलं. पोरीने कठडा धरला आणि लाळ गाळत तोंड पुढे केलं.

"थांब, थांब!" लवजीभाईंनी झडप घालून नातीला उचललं. ती भोकाड पसरून रडायला लागली. "नखांचा रंग काढायचं औषध आहे का कुणाकडे? आणि कापूस?"

"काका, तुम्ही नखं रंगवता?" भावनाची नणंद रीना खिदळली, पण घेऊन आली.

लवजीभाई खाली वाकले. कठड्याच्या आतल्या बाजूला त्यांनी भिजलेला कापूस घासला. रंग पक्का असता तर कापसाला जेमतेम छटा लागली असती. कापूस पोपटी झाला.

त्यांनी मूठ मिटली. कुणी पाहिलं नव्हतं. काहीतरी थाप मारून निघावं, असं एकदा मनात आलं. मग हेतवीने रडता रडता त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घातलं.

"रंग कच्चा राहिलाय," ते म्हणाले आणि मूठ उघडली. "चूक माझी. पाळणा परत नेतो."

भावनाने मान खाली घातली.

"दिलेलं जियाणं परत नेणार?" मोंघीबेन कडाडल्या. "सात पिढ्यांत असा अपशकुन झाला नाही आमच्याकडे!"

"अपशकुन माझ्या माथी, बेन. पण हा रंग हिच्या पोटात जाऊ देणार नाही."

मोंघीबेननी कापसाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. पदराची गाठ सोडून एक रुपया काढला. "धरा."

लवजीभाई मागे सरकले. लेकीच्या घरचं ते पाणीसुद्धा पीत नसत.

"व्याही म्हणून देत नाही, रंगवाला म्हणून देते. जियाणं मिळालं आम्हाला. आता पाळणा आमचा, आणि आम्ही तो रंगवायला देतोय. यात परत नेणं कुठे आलं?" मग रीनाच्या हातातली बाटली त्यांनी हिसकावून घेतली. "आणि नीट भाजा! आणाल तेव्हा ही घेऊन मी दारातच उभी असेन."

लवजीभाईंनी नात भावनाकडे दिली, हात सदऱ्याला पुसले आणि लेकीच्या घरचा रुपया दोन्ही हातांनी घेतला.