रविवारची पाच मिनिटं

दादाला कुणी सांगितलं होतं की उभी गाडी रविवारी रविवारी पाच मिनिटं सुरू करावी, म्हणजे बॅटरी टिकते? कुणीच नाही. असल्या गोष्टी दादाला आपोआप कळतात.

आणि घरात होती कोण? बॅटरीवाली! चौदा वर्षं बॅटऱ्यांच्या दुकानात काम करणारी त्याची सख्खी बहीण. दुकानातल्या शिडीवरून पडून तिचा पाय मोडला. मांडीत सळई, खाली प्लास्टर, आणि डॉक्टरांचा सहा महिन्यांचा हुकूम. दवाखान्यातून घरी आल्या आल्या ती पलंगावरून म्हणाली, "दादा, माझ्या गाडीची बॅटरी काढून वर आण. टाकी काठोकाठ भर आणि गाडी मधल्या स्टँडवर लाव. बाकी मी बघते."

"तू आराम कर गं," दादा म्हणाला. "मी आहे ना."

हे 'मी आहे ना' म्हणजे या घरातलं जुनं दुखणं.

पुढच्या रविवारी सकाळी खाली गाडी सुरू झाली. दादाने मनसोक्त रेस केली, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलला, पाच मिनिटांनी बंद केली आणि हात झटकत वर आला. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. तिचा एक तळपाय प्लास्टरमध्ये होता, तरी आग वाटेत कुठे अडली नाही.

"अरे, स्टार्टर एका दमात जेवढं खातो, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही! दर रविवारी असं केलंस तर बॅटरी थोडी थोडी रिकामी होत जाईल. त्यापेक्षा हात तरी लावू नकोस."

"हो हो," दादा म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. दुकानात परकी माणसं रांग लावून तिचा सल्ला घेत. इथे पायाला प्लास्टर होतं, डोक्याला नव्हतं. पण सांगणार कुणाला?

असे नऊ रविवार गेले. दर वेळी स्टार्टरचा आवाज जरा जास्त रडका व्हायचा आणि ती उशीत तोंड खुपसून घ्यायची. दहाव्या रविवारी नुसतं खट् झालं. मग पुन्हा खट्.

दादा वर आला तो चेहरा लांब करून. "गेली गं गाडी. मी एवढी काळजी घेतली, पण वय झालं तिचं. माझ्या ऑफिसातला एक जण बघतोय, देऊन टाकू. नाहीतरी तुला आता कुठे जायचंय? तुझ्या मालकांनाही सांगून टाकलंय मी, ती आता यायची नाही म्हणून. घरी बस निवांत."

दुकान गावाबाहेर, अकरा किलोमीटरवर, आणि तिकडे बस जात नाही. गाडी गेली की काम गेलं. दादाने तिची गाडी मारली, वर तिच्या नावाने राजीनामाही देऊन टाकला, आणि हे सगळं इतक्या प्रेमाने की ओरडावं तर आपणच वाईट!

तरीही ती ओरडली. मालकांना फोन करून म्हणाली, "माझी जागा कुणाला दिलीत तर बघा!"

सोमवारी दादा ऑफिसला गेल्यावर तिने वहिनीला हाक मारली. बारा वर्षांत वहिनीने नवऱ्याला उलट शब्द बोललेला कुणी ऐकला नव्हता. "दहा नंबरचा पाना घे. सीटखालची बॅटरी. आधी काळी वायर सोडायची, मग लाल. उलटं करू नकोस."

वहिनी बॅटरी पदराखाली लपवून वर घेऊन आली. मीटर लावला, तर आकडा बघवेना. दोघींनी ती पलंगाखाली चार्जरला लावली, अगदी सावकाश, दोन दिवस. मग काढून एक दिवस नुसती ठेवली. खरी परीक्षा तीच असते. मेलेली बॅटरी चार्जर काढला की पुन्हा मान टाकते. गुरुवारी सकाळी आकडा बघून तिने वहिनीचा हात घट्ट दाबला. बॅटरीने चार्ज धरून ठेवला होता.

रविवारी ऑफिसातला माणूस आला. दादाने बटण दाबलं. आज खट्सुद्धा नाही. "बघा," दादा उदास आवाजात म्हणाला, "अगदीच संपलीय."

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. बॅटरीवाली बसून बसून, एकेक करत सतरा पायऱ्या उतरत होती, प्लास्टरचा पाय पुढे धरून. मागे वहिनी, हातात बॅटरी.

"अगं, पडशील!" दादा ओरडला.

"पडले ते शिडीवरून. बाजूला हो."

वहिनीने आधी लाल वायर जोडली, मग काळी. बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली.

पाहुणा खूश झाला. "अहो, ही तर छान आहे! घेतो मी."

आणि दादा? दादाची छाती फुगली. "असणारच! दर रविवारी न चुकता सुरू करत होतो मी."

बॅटरीवालीने तोंड उघडलं, पण तिच्याआधी वहिनी बोलली, आणि तीही पाहुण्यासमोर.

"गेल्या सोमवारपासून बॅटरी वन्संच्या पलंगाखाली होती. आणि मारली तुम्ही. दर रविवारी, पाच पाच मिनिटं."

पाहुण्याने खाली बघून चपला सारख्या केल्या. "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," बॅटरीवाली शेवटच्या पायरीवरून म्हणाली. "आणि विकायची नाहीये. सहा महिने भरले की मी कामावर जातेय." पाहुणा गेला. तिने दादासमोर हात पसरला. "बंद कर. आणि किल्ली."

दादाने गाडी बंद केली. किल्ली तिच्या तळहातावर ठेवताना तो म्हणाला, "मी तुझ्या भल्यासाठीच..."

त्याचं वाक्य तसंच राहिलं, कारण वहिनीने पाना पुन्हा हातात घेतला होता.

"आधी काळी ना, वन्सं?"

"आधी काळी."