मशीन थांबलं की

मुंगीच्या आईचे कान म्हणजे काही विचारू नका. बाई शिलाई मशीनवर बसलेली असायची, पायाखाली पायडल खडखडत असायचं, समोर शाळेच्या गणवेशांच्या कॉलरींचा ढीग, आणि तरी आतल्या खोलीत पोरीचा श्वास जरा कुठे खरखरला की हिला इथे कळायचं. लगेच पाय थांबायचा, हात चाकावर, मान तिरकी. सगळं घर चिडीचूप. आणि त्या शांततेत ही लेकीचा श्वास ऐकत बसायची. शिट्टी वाजतेय का? छाती ओढतेय का? मग दारातून डोकं आत घालून बघायची आणि परत येऊन कॉलर हातात घ्यायची.

मुंगी चार वर्षांची. तिला दमा होता. डॉक्टर म्हणाले होते, बऱ्याच मुलांचा मोठेपणी कमी होतो, काळजी करू नका. आता काळजी करू नका म्हणायला काय जातं? काळजी काय नळ आहे, बंद केला की झालं? हिने घरातले पडदे काढून टाकले, गालिचा देऊन टाकला. कापड बेतायचं काम गणवेशवाल्याच्या दुकानावरच ठेवलं, घरात फक्त शिलाई, आणि तीही झाली की ओल्या फडक्याने फरशी पुसायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात लटकलेला. घरी आला की म्हणायचा, "अगं, डॉक्टर म्हणालेत ना, होईल कमी," आणि जेवून ढाराढूर झोपायचा. त्याचं हिला काही वाटत नसे. तो झोपला काय नि जागा राहिला काय, पोरगी आपलीच आहे असं तिला वाटायचं.

तसं वाटू देत नव्हती ती भिंगरी.

भिंगरी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि भावाकडे राहायची. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून भिंगरी. वेणी घालता घालता गाणार, गाता गाता फोन घेणार आणि फोनवर बोलता बोलता मुंगीला औषध देणार. औषधाचा पंप एका प्लास्टिकच्या नळकांड्याला लावायचा, नळकांड्याच्या दुसऱ्या टोकाला मास्क, तो पोरीच्या नाकातोंडावर धरायचा. भिंगरी तो आधी स्वतःच्या तोंडाला लावायची आणि आतून घोगऱ्या आवाजात म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंगीबाईंचं विमान सुटतंय." मुंगी खिदळत नाक पुढे करायची. आणि तेव्हा भिंगरीचं लक्ष कुठे? आरशात! भांग सरळ आलाय का ते बघण्यात!

"असं औषध देतात का कुणी?" आई म्हणायची.

"वहिनी, गेलं ना पोटात? बस्स."

"पोटात नाही, छातीत जायला हवं."

"तेच ते. शेजारी शेजारीच राहतात दोघं."

असं बोलली की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण तेच नळकांडं आईने हातात घेतलं की मुंगी तोंड गच्च मिटायची, मान फिरवायची, पाय झाडायची. जिने रात्रीच्या रात्री मांडीवर घेऊन काढल्या तिला लाथा, आणि आरशात बघणारीला नाक पुढे!

एकदा तर कहर झाला. मुंगीला चांगलाच दम लागला होता. आईने तिला मांडीत दाबून धरलं, एका हाताने डोकं, एका हाताने मास्क. पोरगी रडून रडून निळसर व्हायला लागली. तेवढ्यात न्हाणीघरातून भिंगरी धावत आली, केसांना फेस तसाच. फरशीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आई गं, डोळ्यांत फेस गेला. मुंगे, मला काही दिसत नाही बाई. तुझं नाक कुठंय?" मुंगीने स्वतःच्या हाताने मास्क घेतला आणि बरोब्बर आपल्या नाकावर नेऊन बसवला. थोड्या वेळाने श्वास उतरला.

आईचा जीव भांड्यात पडला. पडला ना, कोण नाही म्हणतंय? पण पोटात दुखलंही, आणि चांगलं दुखलं. पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी मुंगीला विचारलं, "घरी औषध कोण देतं गं?" मुंगी म्हणाली, "आत्या." डॉक्टर भिंगरीकडे बघून म्हणाले, "शाब्बास! मूल घाबरलं की छाती आणखी आवळते. न घाबरवता दिलंत की निम्मं काम झालं." आई मागे उभी. एका खांद्यावर पिशवी, तिच्यात फाइल, पाण्याची बाटली, जादा फ्रॉक, टॉवेल. ओझं हिच्या खांद्यावर आणि शाबासकी भिंगरीच्या पाठीवर. नाकाला मिरच्या झोंबतील नाहीतर काय?

घरी आल्यावर भिंगरी आपल्या नादात सेंट मारून कामाला निघाली होती. आई म्हणाली, "डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वासाने त्रास होतो तिला. तुझ्या सेंटचं सांगितलं मी त्यांना."

डॉक्टर असं काहीएक म्हणाले नव्हते. फार पूर्वी त्यांनी धूळ, धूर, वास असं सगळं विचारलं होतं, आणि वासाने काही होत नाही हे हिनेच त्यांना सांगितलं होतं.

भिंगरीने तिथल्या तिथे बाटली केराच्या डब्यात टाकली. साबण बदलला, तेल बदललं. पण मुंगी तशीच तिच्या गळ्यात. मग एकदा मुंगीला खोकला झाला आणि आई म्हणाली, "दिवसभर दुकानात किती माणसांत वावरतेस गं, कपड्यांना वास येणारच. आपल्याला नाही कळत. तिला कळतो."

त्या दिवशी भिंगरी पहिल्यांदा एका जागी बसली. खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मग तिने बॅग भरली. "दुकानाजवळ मैत्रिणीची खोली आहे. मुंगीला बरं वाटेपर्यंत राहते तिकडे," म्हणाली. जाताना तिने मुंगीला जवळ घेतलं नाही, जिन्यातूनच हात हलवला. आई दारापर्यंत आली. पण थांब काही ती म्हणाली नाही.

झालं. आता पोरगी एकट्या आईची. मशीन खडखडायचं, थांबायचं, परत खडखडायचं. मुंगी आतल्या खोलीत ठोकळे मांडून बसायची. आत्या कुठे गेली असं एकदा विचारलं, मग विचारेनाशी झाली. रोजचं औषध घ्यायची, पण रडून, दाबून धरून. खिडकीशी मात्र जाऊन बसायची संध्याकाळी. बघू दे रस्ता, आईने म्हटलं.

मग मुंगीला सर्दी झाली. संध्याकाळची वेळ, नवरा कुठल्या तरी लिफ्टच्या बोगद्यात, फोन लागत नव्हता. आई कॉलरी संपवत होती. तिला आतून खरखर ऐकू आल्यासारखं वाटलं. पाय थांबला. हात चाकावर. मान तिरकी.

आतून मुंगीचा आवाज आला, "आई, चालव ना."

"काय गं?"

"मशीन. चालव ना."

आई धावत आत गेली. मुंगी ताठ बसली होती, खांदे वर चढलेले, श्वासाला शिट्टी. आईने पंप आणला, पोरीला धरलं, आणि मुंगीने तोंड फिरवलं. "आत्या," ती रडायला लागली. "आत्या हवी."

आता खरं सांगायचं तर, अशा घटकेलाही, पोरीचा जीव घशाशी आलेला असतानाही, हिला आधी ते 'आत्या' टोचलं. मग भीती वाटली. मग तिने फोन उचलला.

"ये," ती म्हणाली. "लगेच ये. दम लागलाय आणि पंप घेत नाहीये."

"निघाले," भिंगरी म्हणाली. "वहिनी, तू देत राहा. नाहीच उतरलं तर माझी वाट बघू नको, सरळ दवाखाना गाठ."

आईने फोन टाकला. "मुंगे, माझ्या सोन्या, एवढं घे. आत्या येतेय."

"तू ऐकतेस," मुंगी म्हणाली.

"काय ऐकते?"

"मशीन थांबलं की..." मुंगीला मध्येच श्वास घ्यावा लागला. "तू ऐकतेस. मग मला... दम लागतो."

आईच्या हातातला मास्क तसाच राहिला. आजवर तिच्या हिशेबी खरखर आधी, मशीन थांबणं नंतर. पोरीच्या हिशेबी उलटं होतं. ठोकळे मांडत बसलेलं असताना एकदम घर चिडीचूप होतं, आणि मग दारातून आईचं ते डोकं आत येतं, डोळे विस्फारलेलं, भेदरलेलं. म्हणजे आता मला काहीतरी होणार. मूल घाबरलं की छाती आवळते, हे डॉक्टरांनी हिच्या देखत सांगितलं होतं. पण ते भिंगरीला सांगितलं म्हणून हिने ऐकलंच नव्हतं, ही आपली जळफळत उभी होती. घरातला बागुलबुवा आपणच, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

तिने पोरीला उचललं आणि मशीनवर जाऊन बसली. मुंगी मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकलेली. सुईतला दोरा तोडून टाकला, एक चिंधी सुईखाली सरकवली आणि पायडल मारायला सुरुवात केली. खडखडखडखड.

विमानबिमान तिला जमणारं नव्हतं. ते भिंगरीचं. ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला ही टीप सरळ मारायचीय. माझं लक्ष नाही तुझ्याकडे. तुझं तू धर."

मुंगीने मान वर करून बघितलं. आई खरंच सुईकडे बघत होती. मग तो मास्क हळूच आईच्या हातून निघाला. आईने डोळे न हलवता पंप दाबला.

सोपं होतं का हे? छे! मान वळवू नको, पाय थांबवू नको, कान देऊ नको. त्या खडखडाटात तिला काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही म्हणून जीव नुसता कासावीस. फक्त छातीला टेकलेली ती एवढीशी पाठ कळत होती. धपापत होती. चिंधी सुईने चाळणी झाली, तिने दुसरी घातली. पुन्हा पंप दाबला. पाठ अजून धपापत होती. उठावं आणि पोरीला घेऊन रस्त्यावर धावत सुटावं असं तिला झालं, आणखी थोडा वेळ असंच चाललं तर तेच करायचं तिने ठरवलं. मग पाठ जराशी सैलावली. मग आणखी. मग मुंगीने मांडीवर नीट रेलून, चिंधीकडे बोट करून विचारलं, "ही कुणाची कॉलर आहे?"

"तुझी," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाय मात्र तिने चालू ठेवला.

जिन्यात पावलं वाजली. दार ढकलून भिंगरी उंबऱ्याशी आली, धापा टाकत, एका पायात चप्पलच नाही. "कशी आहे?"

"उतरलंय. ये."

भिंगरी आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, भिंतीला हात टेकून. "दुकानातून तशीच आलेय गं. कपड्यांना वास असेल. मी इथूनच बघते."

मुंगीने मास्क खाली ओढला. "आत्या! आईला पण जमलं!"

पायडल थांबलं. घर चिडीचूप झालं, आणि मुंगीने चटकन वर पाहिलं.

"मी ऐकत नाहीये गं," आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "आत्याशी बोलायचंय." मग ती दाराकडे बघून म्हणाली, "वासाचं डॉक्टर काही बोलले नव्हते. ते माझंच."

"म्हणजे?"

"ती तुझ्याकडेच जायची. मला बघवत नव्हतं."

भिंगरी काहीतरी चटपटीत बोलेल असं वाटलं होतं. पण ओढणीने नाक पुसून ती म्हणाली, "मी रोज संध्याकाळी खाली येऊन उभी राहायचे, वहिनी. खिडकीत दिसायची ना ती. वारा इकडून वाहत असेल तर त्या टोकाला जाऊन उभी राहायचे. माझा वास वर नको जायला म्हणून."

आई उठली, मुंगीला कडेवर घेऊन दाराशी गेली आणि मोकळ्या हाताने भिंगरीला दंडाला धरून आत ओढलं. मुंगीने दोन्ही हात पसरले. आईने तिला भिंगरीकडे दिलं. पोरगी आत्याच्या मानेत तोंड खुपसून अशी काही बिलगली, की आईच्या पोटात पुन्हा दुखलं. अगदी पूर्वीसारखंच दुखलं, काडीचंही कमी नाही.

ती मशीनवर जाऊन बसली, सुईत दोरा ओवला, ढिगातली वरची कॉलर घेतली आणि पायडलवर पाय ठेवला.